समुद्र दिसतो, पण रेंज येते का?

शिक्षक-पालक मित्रांनो, घरून नोकरी करणारा आपला एखादा माजी विद्यार्थी तारकर्लीत राहायला आला, तर कामाची जागा कशी निवडेल? नुसता समुद्र बघून नाही!

मे २०२१ च्या तौक्ते वादळात मालवण किनाऱ्यावर वीज गेली, ती कित्येक दिवस आली नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण वीज गेली की वायफायचा राउटर बंद. म्हणून आधी विचारा : इन्व्हर्टर आहे का? राउटर त्याला जोडलाय का?

मग कामाच्याच वेळी, त्याच टेबलावर बसून व्हिडिओ कॉल लावून बघा. दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ ठेवा. पैसे आधी एका दिवसाचेच द्या, महिन्याचे नंतर.

मुलांना वर्गात अशीच यादी करू द्या. निकष लावून निवड करणं नोकरीआधीच शिकलेलं बरं.