तक्ता आणि तक्त्याचे चित्र



शाळेची माहिती पूर्वी कागदी नमुन्यात भरून पंचायत समितीकडे जात असे. आता ती बहुधा एक्सेलच्या तक्त्यात मागविली जाते. परंतु केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर पाहावे, तर तक्त्याच्या ठिकाणी त्याचे चित्रच पुष्कळदा आलेले असते. कार्यालयाकडून येणारा कोरा नमुनाही कित्येकदा चित्ररूपानेच शाळेत पोहोचतो. असे का होते, त्यात हानी कोणाची होते व ती कशी टाळावी, हे या पाठात पाहावयाचे आहे.

१. चित्र का पाठविले जाते?

याचे कारण शिक्षकांचा आळस हे नव्हे. तक्ता करण्याची साधने वापरणाऱ्यास पदोपदी अडवितात. छापावयास घेतलेल्या तक्त्याचे शेवटचे दोन रकाने निराळ्याच पानावर जातात. रकाना अरुंद पडला की आकड्याच्या जागी #### अशा खुणा उमटतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लिहिलेली मुलांची नावे, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरे होऊन बसतात. चित्र मात्र जसे काढले तसेच सर्वत्र दिसते. सायंकाळी घाईत असलेल्या शिक्षकास ते सोपे वाटावे, यात नवल नाही.

२. चित्रात काय नाहीसे होते?

चित्र केवळ डोळ्यांसाठी असते. त्यातील आकड्यांची बेरीज संगणक थेट करू शकत नाही, नावे वर्णानुक्रमाने लागत नाहीत, मजकुरात सूत्रे राहत नाहीत. वीस शाळांची वीस चित्रे आली, तर केंद्रावरील कोणास तरी वीस तक्ते पुन्हा हाताने भरावे लागतात, आणि चूक शिरते ती याच वेळी. व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठविलेले चित्र आकुंचित होते. मग इंग्रजी आकड्यांतील तीन व आठ यांतील भेद पुसट होतो.

एक उदाहरण घेऊ. पहिली ते पाचवीची पटसंख्या ४८ आहे, ती ४३ अशी वाचली गेली. पोषण आहारात या वर्गांसाठी दर मुलामागे दररोज १०० ग्रॅम तांदूळ धरला जातो. पाच मुले कमी झाली की दिवसाला अर्धा किलो व शाळेच्या २४ दिवसांत १२ किलो तांदूळ हिशेबातून कमी झाला. एका पुसट आकड्याची ही किंमत आहे.

३. मोठे क्रमांक व त्यांचा धोका

सामान्य सेलमध्ये अकराहून अधिक अंकांची संख्या लिहिली, तर एक्सेल ती दशांशचिन्ह व इंग्रजी ‘ई’ अक्षर असलेल्या संक्षिप्त रूपात दाखविते. आधार क्रमांक १२ अंकी असल्यामुळे त्याची हीच गत होते. मूळ तक्ता हाती असेल, तर सेलवर जाऊन पूर्ण क्रमांक पाहता येतो. चित्रात मात्र तो कायमचा गेला.

सरल प्रणालीने दिलेला विद्यार्थी क्रमांक १९ अंकी असतो. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपून ठेविते. उरलेल्या चारांच्या जागी शून्ये येतात व मागाहून ती सुधारता येत नाहीत. ज्या मुलांचे क्रमांक शेवटच्या अंकांतच भिन्न असतात, ती सारी मग एकाच क्रमांकाची ठरतात. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात व मुलेही त्यांच्यासोबत जातात. असे मूल परत येऊन पटावर शोधावे लागते, तेव्हा त्याचा क्रमांकच खुणेचा दगड असतो. तो शून्यांत बुडाला, तर मूल समोर उभे असूनही नोंदीत सापडत नाही.

४. उपाय

पहिला : क्रमांक लिहिण्यापूर्वीच तो रकाना निवडून त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ असा करावा. क्रमांक लिहून झाल्यावर केलेला हा बदल व्यर्थ होय.

दुसरा : नावे युनिकोड मराठीतच लिहावीत.

तिसरा : छापण्यापूर्वी ‘पेज लेआउट’मध्ये ‘विड्थ’पुढे ‘एक पान’ निवडावे, म्हणजे सारे रकाने एका पानाच्या रुंदीत बसतात. ही प्रत ‘पीडीएफ’ म्हणून जतन करावी. तिचे रूप कोठेही बदलत नाही.

चौथा : कार्यालयास मूळ तक्ता द्यावा व सहीसाठी पीडीएफ जोडावी. दोन्ही ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावीत, छायाचित्र म्हणून नव्हे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो; अशा वेळी कागद जात नाही व मोबाइलची रेंजही क्षीण असते. चाळीस मुलांचा साधा तक्ता मोबाइलने काढलेल्या छायाचित्राहून पुष्कळच हलका असल्याने अशा रेंजमध्येही तो अधिक सुलभतेने जातो.

पाचवा : आधार क्रमांक असलेली यादी गटावर कोणत्याही रूपात टाकू नये. ती सर्वांच्या मोबाइलमध्ये साठून राहते. ज्याने मागविली त्यालाच ती द्यावी.

५. चित्र केव्हा योग्य?

सूचनाफलकावर लावावयाचे वेळापत्रक, पालकसभेत दाखवावयाचा हजेरीचा आलेख, हे चित्ररूपाने देण्यास हरकत नाही. केवळ पाहावयाचे ते चित्र, ज्यावर पुढे काम करावयाचे तो तक्ता, एवढा विवेक ठेवावा. नमुने मागविणाऱ्या कार्यालयांनीही हाच नियम पाळावा. कोरा तक्ता मागितल्यावाचून मिळेल, तेव्हाच भरलेला तक्ता परत येईल.

स्वाध्याय

१. एका सामान्य सेलमध्ये व एका ‘टेक्स्ट’ सेलमध्ये तोच १९ अंकी क्रमांक लिहून दोहोंतील फरक नोंदवा.
२. आपल्या वर्गाची यादी एका पानाच्या रुंदीत बसवून पीडीएफ तयार करा.
३. गेल्या महिन्यात शाळेने पाठविलेल्या चित्रांपैकी कोणती तक्ता म्हणून जावयास हवी होती, याची केंद्रसंमेलनात चर्चा करा.