पिंप, बादली आणि रांगतं मूल

प्रश्न : आम्ही विरार पूर्वेला राहतो. पाणी रोज येत नाही, म्हणून बाथरूममध्ये पिंप आणि बादल्या भरलेल्या असतात. मुलगी चौदा महिन्यांची आहे, सारखी तिकडेच धावते. काय काळजी घ्यावी?

उत्तर : पाणी साठवू नका, असं विरारमध्ये कोण सांगणार! पण तुमच्या घरात पिंपापेक्षा बादलीच जास्त धोक्याची. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं. वाकून बघताना मूल उलटं आत पडतं आणि भरलेली बादली कलंडत नाही. दोन इंच पाणीही पुरतं. आवाज येत नाही, त्यामुळे ‘रडली तर कळेल’ या भरवशावर राहू नका.

बाथरूमला बाहेरून उंचावर कडी लावा. पिंपावर नुसतं ताट नको, घट्ट झाकण हवं. वापरून झालेली बादली पालथी घाला. दारावरची बेल वाजली तर मुलीला उचलूनच दार उघडायला जा.

दुर्घटना घडलीच तर उलटं टांगून गरगर फिरवणं, पोट दाबणं हे प्रकार अजिबात नकोत. श्वास नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीच्या मध्यभागी एका तळहाताने 30 दाब, 2 श्वास, असं चालू ठेवा. दुसऱ्याला 108 लावायला सांगा. शुद्धीवर येऊन हसू लागली तरी रुग्णालयात न्याच. फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही सुरू होतो. श्वास आणि दाब देण्याचं तंत्र नुसतं वाचून येत नाही. पुढच्या लसीकरणाच्या वेळी परिचारिकेकडून ते बाहुलीवर शिकून घ्या, घरात आजी असेल तर तिलाही सोबत न्या.