विद्युत् अग्रावर बसविलेले एंझाइम

जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरांहून अधिक माणसांचा बळी घेतला. इथेनॉल म्हणजे पेयातील मद्यार्क, आणि मिथेनॉल हे विष. दोन्ही द्रव रंगहीन असतात, त्यामुळे केवळ पाहून त्यांतील भेद कळत नाही. द्रावात अल्कोहॉल आहे काय आणि असल्यास किती, हे मोजण्यासाठी योजिलेल्या साधनांपैकी एक म्हणजे एंझाइमयुक्त विद्युत् अग्र.

या कल्पनेचा पाया १९६२ मध्ये क्लार्क व लायन्स यांनी ग्लुकोजच्या मापनासाठी घातला. १९६७ मध्ये अपडाइक व हिक्स यांनी एंझाइम जेलीसारख्या बहुवारिकात अडकवून ऑक्सिजन मोजणाऱ्या विद्युत् अग्रावर बसविले. अल्कोहॉलच्या बाबतीत तत्त्व तेच आहे. काही यीस्टपासून मिळणारे अल्कोहॉल ऑक्सिडेज हे एंझाइम ऑक्सिजनच्या साहाय्याने इथेनॉलचे ॲसिटाल्डिहाइडात रूपांतर करते. या क्रियेत निर्माण होणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे प्लॅटिनमच्या अग्रावर ऑक्सिडीभवन होते आणि प्रत्येक रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन अग्राला मिळतात. ठराविक मर्यादेपर्यंत अल्कोहॉल जितके अधिक, तितका विद्युत् प्रवाह अधिक.

खरी अडचण एंझाइम जागेवर टिकविण्याची आहे. ते पृष्ठभागावर नुसते चिकटू दिले, तर द्रावाबरोबर हळूहळू वाहून जाते. ग्लुटराल्डिहाइडसारख्या द्रव्याने त्याचे रेणू एकमेकांशी जखडले, तर ते टिकते; परंतु बंध फार झाले की त्याचा आकार बिघडतो आणि क्रियाशीलता घटते. जेलीत कोंडले, तर ते सुरक्षित राहते. मात्र थर जाड झाल्यास अल्कोहॉलला आत शिरण्यास वेळ लागतो. म्हणून टिकाऊपणा व तत्परता यांचा मेळ प्रत्येक वेळी प्रयोगानेच घालावा लागतो.

तथापि, एंझाइम उत्तम रीतीने बसविले तरी त्याचा मूळ स्वभाव बदलत नाही. अल्कोहॉल ऑक्सिडेज मिथेनॉलवरही क्रिया करते; त्यामुळे केवळ प्रवाहावरून पेय की विष हे सांगता येत नाही. याउलट यीस्टमधील अल्कोहॉल डिहायड्रोजनेज मिथेनॉलला जवळजवळ प्रतिसाद देत नाही. पण त्याला एनएडी या सहएंझाइमाची जोड द्यावी लागते. यास्तव उपकरणावरील आकडा वाचताना त्यामागे कोणते एंझाइम काम करीत आहे, हे वाचकाने प्रथम विचारावे.