दोन पडदे : नाकाचा आणि कानाचा

पचमढीच्या घाटात कान दडतात आणि आवंढा गिळला की मोकळे होतात, हे तुम्ही अनुभवले असेल. चढताना त्रास कमी, उतरताना जास्त. असे का?

नाकाच्या मागून मध्यकर्णापर्यंत सुमारे साडेतीन सेंटीमीटर लांबीची युस्टेशियन नळी जाते. गिळताना ती उघडते आणि कानाच्या पडद्यामागे हवा पोहोचते. घाट उतरताना बाहेरचा दाब वाढतो. सर्दीने नळी सुजली असेल, तर ती उघडत नाही. मग पडदा आत ओढला जाऊन कान दुखतो.

आता नाकाचा पडदा पाहू. दोन नाकपुड्यांमधली ही भिंत पुढे कूर्चेची, मागे हाडाची असते. अगदी सरळ पडदा विरळाच. वाढीच्या वयात किंवा बॉक्सिंगमध्ये मार लागून तो फार वाकला, की एक बाजू अरुंद होते. दुसऱ्या, रुंद बाजूचे मांसल उंचवटे हळूहळू फुगतात, म्हणून कधी कधी तीही बाजू चोंदते. गाल, कपाळ, डोळ्यांमधला भाग आणि नाकामागचे हाड यांत सायनसच्या चार जोड्या असतात. त्यांची बारीक तोंडे नाकातच उघडतात. ती वाट अडली की स्राव साचतो, डोके जड होते.

कानाचा पडदा फाटला, तर शल्यचिकित्सक स्नायूवरच्या पातळ आवरणाचे ठिगळ लावतात. ठिगळामागे हवा खेळती राहणे महत्त्वाचे, म्हणून कानाआधी नाक तपासले जाते. नाक फारच बंद असेल, तर काही डॉक्टर आधी नाकाचा पडदा सरळ करतात. मात्र प्रत्येक वाकड्या पडद्याला शस्त्रक्रिया लागत नाही. त्रास नसेल, तर तो तसाच राहू द्यावा.

करून पाहा : थंड आरसा नाकाखाली धरून श्वास सोडा. वाफेचे दोन डाग उमटतील. ते कमी-जास्त असले तरी घाबरू नका. नाकपुड्या दर काही तासांनी आळीपाळीने चोंदतातच. पण अनेक दिवस एकच बाजू बंद असेल, कान वाहत असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. कान वाहताना ग्वारीघाटावर डुबकी नको. सैन्यभरतीच्या तपासणीत नाक-कान पाहिले जातातच. तोवर दुखणे लपवले, तर नुकसान आपलेच.