गोदामाच्या दारात उभ्या गाडीसाठी काचेचा पडदा

भिवंडीजवळ वडप्याला मुंबई-नाशिक महामार्ग सोडून गोदामांच्या रस्त्याला लागलं की कडेने गाड्यांची रांग लागलेली दिसते. गाडी खाली व्हायला नंबर कधी लागेल याचा भरवसा नसतो. टेम्पो, ट्रक, कंटेनर तासन्‌तास उन्हात उभे राहतात. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरकडून येणारा मालही थेट या पट्ट्यात उतरू लागला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगलंच झालं. पण त्याआधी बनलेल्या गाड्या अजून वर्षानुवर्षं धावणार आहेत, छोटे टेम्पो या नियमात येत नाहीत, आणि इंजिन बंद करून रांगेत उभ्या असलेल्या गाडीत एसीचा उपयोग होत नाही. चालकाचं बसणं, जेवणं, झोपणं त्याच केबिनमध्ये. गोदामवाल्यांनी चालकांसाठी सावलीची, पंख्याची खोली बांधायलाच हवी. ती होईल तेव्हा होईल, पुढच्या काचेचा पडदा मात्र एका दुपारी शिवून होतो.

हा पडदा नेमकं काय करतो हे कळलं तर तो चुकीचा शिवला जात नाही. ऊन काचेतून आत येतं ते प्रकाशाच्या रूपात. काळ्या डॅशबोर्डवर, सीटवर पडलं की त्याची उष्णता होते, आणि ती उष्णता काच बाहेर जाऊ देत नाही. म्हणून उन्हाला ते काचेपाशी असतानाच, प्रकाश म्हणूनच परत पाठवायचं. पडद्याची चकचकीत बाजू बाहेर, काचेकडे ठेवायची ती याचसाठी. काळं कापड किंवा जाड चादर लावली तर डोळ्यांना अंधार मिळतो, पण ऊन कापडात मुरून कापडच तापतं आणि ती धग आत येते. अमेरिकेतल्या ॲरिझोनात २०१८ साली उन्हात आणि सावलीत उभ्या केलेल्या मोटारींची तापमानं मोजली गेली. तासाभरात उन्हातल्या गाडीचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअसवर गेला, सावलीतल्या गाडीचा ४८ वर राहिला. सावली आणि ऊन यांत डॅशबोर्डपुरता एवढा फरक पडतो.

साहित्याला लांब जावं लागत नाही. गोदामांच्या पत्र्याखाली उष्णता अडवायला जो बबल फॉइल लावतात, म्हणजे मध्ये हवेचे फुगे आणि वर चांदीसारखा थर, तोच यासाठी सगळ्यात चांगला. शेड बांधणाऱ्या ठेकेदाराकडे त्याचे उरलेले तुकडे असतात; मागितले तर मिळतात. दोन्ही बाजूंनी चकचकीत मिळाला तर तोच घ्या, कारण आतली चकचकीत बाजू केबिनमध्ये धग कमी सोडते. याशिवाय जुनी वर्तमानपत्रं, चिकटपट्टी, मार्कर, कात्री, कडेला लावायला तीन-चार सेंटिमीटर रुंदीची सुती पट्टी, थोडं इलॅस्टिक. भिवंडीत मागाचं कोरं कापड कुठेही मिळतं; त्याचीच पट्टी कापा. नायलॉनची पट्टी सुळसुळीत असते, शिवताना सरकते.

माप सकाळी, गाडी थंड असताना घ्यावं. वर्तमानपत्राचे कागद चिकटपट्टीने जोडून काचेपेक्षा मोठा एक कागद करा, आत बसून तो काचेवर दाबा आणि कडेच्या खाचेत नखाने घडी पाडत जा. इथे घाई करू नका, सगळा पडदा या कागदावर अवलंबून आहे. बहुतेक काचा मधोमध दुमडल्या तर दोन्ही बाजू जुळतात, म्हणून आधी काचेचा मध्य शोधून खूण करा. एका अर्ध्याचा आकार नीट घेऊन कागद मध्यावर दुमडून कापला की दोन्ही अर्धे सारखे येतात. मग तो उलगडून पुन्हा काचेवर लावून पाहा. कुठे कमी पडला तर तिथे कागद जोडा, जास्त झाला तर कापा. आरशाचा दांडा जिथे काचेला किंवा छताला जोडलेला आहे तिथे खाच लागेल; ती सुरुवातीला लहानच ठेवा. मोठी झालेली खाच भरून येत नाही आणि दुपारी तिथूनच उन्हाचा पट्टा थेट स्टिअरिंगवर येतो. कागदावर ‘वर’, ‘आतली बाजू’ आणि गाडीचं मॉडेल लिहून ठेवा.

आता फॉइल. रोलची रुंदी बहुधा १.२ मीटर असते, म्हणून काचेची लांबी रोलच्या लांबीत घ्या. सपाट जमिनीवर चकचकीत बाजू खाली ठेवून वर कागद पसरा. कागदावरची ‘आतली बाजू’ वर दिसली पाहिजे. कागदापेक्षा सगळीकडून दीड-दोन सेंटिमीटर जास्त कापा. एवढ्या जास्तीमुळे पडदा काचेच्या चौकटीत दाबून बसतो आणि निम्मा तर आपोआपच टिकतो.

मोटारीला एकसंध पडदा चालतो. ट्रकला मात्र दोन भाग करावेत. ट्रकची काच रुंद असते, तेवढा मोठा तुकडा केबिनमध्ये गुंडाळून ठेवायला जागा नसते, आणि अडचणीची वस्तू चार दिवसांनी कुणी वापरत नाही. डावा आणि उजवा असे दोन भाग करा, मध्ये आठ-दहा सेंटिमीटर एकावर एक येतील इतके.

कडा चिकटवू नका, शिवा. दुतर्फी चिकटपट्टी आणि रबरी गोंद उन्हात मऊ पडतात, वासही सुटतो. पट्टी दुमडून कडेवर बसवायची आणि जाड सुई, म्हणजे १६ किंवा १८ नंबरची, लावून लांब टाका घालायचा. टाके दाट घातले तर फॉइल त्या रेषेत तिकिटासारखा फाटतो. कोपऱ्यांवर हाताने दोन-दोन टाके जास्त घाला. ओढाताण तिथेच होते. घरी मशीन नसेल तर परिसरात ताडपत्री किंवा सीट कव्हर शिवणारा कारागीर सापडतोच, त्याच्या मशीनवर हे काम सहज होतं.

बबल फॉइल मिळालाच नाही तर खोक्याचा पुठ्ठा घ्या. गोदामाच्या मागे त्याचे ढीग असतात. पुठ्ठ्याच्या आत ज्या नळ्या असतात त्या उभ्या येतील असा कापायचा. म्हणजे तो उभा ताठ राहतो आणि नळ्यांच्या रेषेत सहज दुमडतो. चमच्याच्या दांड्याने पंधरा-पंधरा सेंटिमीटरवर रेषा दाबून एकाआड एक उलट घड्या घाला. वर स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल मैद्याच्या खळीने चिकटवा. फॉइलची एक बाजू जास्त चकचकीत दिसते, पण उष्णतेच्या हिशोबात दोन्हींत फरक नाही. खळ उन्हात वितळत नाही हा तिचा मोठा गुण. तिला झुरळं लागतात, म्हणून पुस्तकं बांधणारे तिच्यात मोरचूद घालतात. ते विष आहे, केबिनमध्ये जेवणाऱ्या माणसाने ते वापरू नये. पुठ्ठ्याचा पडदा एक उन्हाळा काढतो, पावसाळ्यात लोळागोळा होतो.

टांगण्यासाठी मोटारीत दोन्ही सन व्हायजर खाली पाडले की पुरतं. ट्रकमध्ये वरच्या कडेला तीन-चार ठिकाणी इलॅस्टिकचे फास शिवा आणि ते पडद्याच्या तारेला किंवा पकडायच्या दांडीला अडकवा. काचेला चिकटणारे रबरी हुक मला पसंत नाहीत. ऐन दुपारी रबर सैल पडून ते सुटतात, म्हणजे पडदा हवा असतो तेव्हाच खाली येतो.

गाडी कशी उभी करता यालाही महत्त्व आहे. मेच्या मध्याला इथे भर दुपारी सूर्य अगदी माथ्यावर येतो, त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. तेव्हा मोटारीची तिरपी काच ऊन भरपूर घेते, ट्रकची उभी काच बरीच वाचते. ट्रकचे हाल तीननंतर होतात. वडप्याहून नाशिकचा रस्ता ईशान्येला जातो; मुंबईकडे तोंड केलेल्या गाडीच्या काचेवर उतरतं ऊन येतं. आवारात जागा असेल तर तोंड उत्तर-पूर्वेला करा.

बाजूच्या काचांना तसाच पडदा करता येतो, पण तो फक्त गाडी उभी असताना. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काचांवरच्या काळ्या फिल्म बंद केल्या. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. गाडी सुरू करण्याआधी सगळे पडदे निघालेच पाहिजेत, अर्धा लोंबता ठेवून दहा मीटरही पुढे जाऊ नका. गाडी मागे घेताना क्लीनरला बघायला खाली उतरवलं, तरी तुम्हालाही चारी बाजूंनी दिसायला हवं.

केबिनमध्ये झोपायचं असेल तर समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघड्या ठेवा आणि डासांसाठी त्यांवर मच्छरदाणीचं कापड ताणा. पडदा लावला म्हणून बंद गाडी सुरक्षित होत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, बंद मोटारीतल्या तासाभराच्या तापमानवाढीतली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काच बोटभर उघडी ठेवल्यानेही फारसा फरक पडला नाही. मूल किंवा जनावर पडद्याच्या भरवशावर पाच मिनिटंही आत ठेवू नका. लायटर, सॅनिटायझर, पॉवर बँक यांची जागाही डॅशबोर्डवर नाही.

रस्त्याची धूळ इथे फार. धुळीने माखलेला फॉइल ऊन परत पाठवत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने हलकेच पुसा; घासला तर चांदीचा थर निघतो. पावसाळ्यात पूर्ण वाळवून, गुंडाळून ठेवा. घडीवर घडी घातली की फुगे फुटतात. कागदाचा साचा मात्र फेकू नका. त्याच मॉडेलची गाडी चालवणारे रांगेत दोघे-तिघे तरी असतातच, त्यांना तो द्या.