तारेतून सूर जात नाही

नशिराबाद

चि. भाच्यास,


नवा कीबोर्ड लॅपटॉपला जोडायचा, मित्राचा ऑक्टोपॅड त्यातच घ्यायचा आणि श्रावणाआधी आजीची कानबाई देवीची गाणी घरच्या घरी बसवायची, हा तुझा बेत ऐकून फार आनंद झाला. वायरींची कामं फोनवर सांगून समजत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की धर. वाद्यं एकमेकांना जोडणाऱ्या मिडीच्या तारेतून आवाज जातच नाही, जातात ते हुकूम. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढंच. मधला सी म्हणजे 60 क्रमांक, आणि जोर 1 ते 127 यांतला एक आकडा. आवाज काढायचं काम हुकूम घेणाऱ्याचं. मिक्सरकडे जाणारी आवाजाची वायर वेगळी, ती काढून टाकू नकोस.

हे मिडी आलं कुठून, तर 1983 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात प्रॉफेट-600 आणि रोलँडचा ज्युपिटर-6 ही दोन कंपन्यांची वाद्यं एका तारेनं जोडून दाखवली गेली. त्याआधी एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याला सहसा जुमानत नसे. मिडीची ही पद्धत आणणाऱ्या डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांना त्यासाठी 2013 मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं. आपल्याकडे वरातीच्या बँडमध्ये आणि ऑर्केस्ट्रात सर्रास दिसणारा ऑक्टोपॅडही याच गोत्रातला. 1985 साली आलेल्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा एकही आवाज नव्हता. आठ पॅडवर काठी मारायची आणि वाजायचं दुसऱ्याच यंत्रानं.

आता जोडणी. पाच पिनांच्या तारेत एकाचं आऊट दुसऱ्याच्या इनमध्ये जातं; आऊट आऊटला जोडलंस तर काहीच होणार नाही. तुझ्या कीबोर्डला मात्र पाच पिनांचं भोक नसून फक्त चौकोनी यूएसबी आहे, आणि घोटाळा इथेच होतो. त्या यूएसबीला पलीकडे लॅपटॉप किंवा मोबाइलच लागतो. मित्राचा जुना ऑक्टोपॅड पाच पिनांचा, म्हणून त्याच्यासाठी यूएसबी-मिडी केबल घे. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड दोन्ही लॅपटॉपला लावा. हुकमांची वाटणी तो करील.

एका तारेत सोळा चॅनल असतात. तालवाद्यांसाठी 10 नंबर ठरलेला आहे. मित्रानं काठी मारली आणि ढोलकीऐवजी पियानो वाजला, तर ऑक्टोपॅडचा चॅनल बघ. तुझा प्रत्येक स्वर दोनदा ऐकू आला, तर कीबोर्डचं लोकल कंट्रोल बंद कर, म्हणजे फक्त लॅपटॉपचा आवाज उरेल. कार्यक्रमाला जाताना ते आठवणीनं परत चालू कर. नाहीतर मांडवात कीबोर्ड मुका होईल आणि तू दुरुस्तीवाल्याला शोधत बसशील.

हे सगळं दोन संध्याकाळी जमेल. खरं काम हाताचं आहे. तू भजनी मंडळाच्या पेटीवर शिकलास. पेटीत पट्टी हळू दाब नाहीतर जोरात, आवाज भाता ठरवतो; म्हणून तुझी बोटं सगळ्या पट्ट्या एकसारख्या दाबतात. कीबोर्ड मात्र बोटाचाच जोर मोजतो. एक ओळ रेकॉर्ड कर आणि सॉफ्टवेअरमध्ये नोटांची यादी उघड. जोराच्या रकान्यात 90, 91, 90, 92 असे आकडे दिसले, तर सम कुठे आली हे ऐकणाऱ्याला कळणारच नाही. तीच ओळ समेवर वजन देऊन पुन्हा वाजव आणि आकडे बघ. लांब स्वर मध्येच फुलवायचा असेल, तर एक्स्प्रेशनचा 11 नंबरचा कंट्रोल वापर, भात्याचं काम तो करतो. पेटीत न निघणारी मींड पिचबेंडच्या चाकानं निघते. ते चाक साधारणपणे एका सुरापर्यंतच वर-खाली जातं, पण गाण्याच्या गळ्याजवळ जायला तेवढं पुष्कळ आहे.

आणि क्वांटाइजच्या बटणाला हात लावायची घाई करू नकोस. ते बटण प्रत्येक नोट ओढून मोजपट्टीवर बसवतं. कानबाईची गाणी बायका मिळून म्हणतात. ओळीच्या शेवटी थोडं रेंगाळतात, पुढची ओळ लगबगीनं उचलतात, आणि त्या रेंगाळण्यातच गाण्याचा जीव आहे. आधी आजीला मोकळेपणी म्हणू दे, ते रेकॉर्ड कर, मग तिच्या चालीवर कीबोर्ड आणि ढोलकी बसव. तिच्या कानात मेट्रोनोमची टिकटिक घालू नकोस, मला ते अजिबात पटणार नाही.

वाजवताना आवाज मागून आल्यासारखा वाटला, तर ब्लूटूथ स्पीकर काढ, वायरचा हेडफोन लाव. सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमधला बफर 1024 वरून 128 वर आणलास तर बफरपायी होणारा उशीर सुमारे 23 मिलिसेकंदांवरून तीनवर येतो.

आजीचा आवाज त्या दिवशी बसलेला असला तरी अडत नाही. काळी एकमध्ये वाजवलेलं पांढरी एकला उतरवायचं तर प्रत्येक नोटेच्या क्रमांकातून 1 वजा करायचा, सॉफ्टवेअर क्षणात करतं. फक्त 10 नंबरचा चॅनल त्यातून वगळ. तिथे क्रमांक म्हणजे वाद्य, तो सरकला की ढोलकीच्या जागी भलतंच काही वाजेल.

पहिलं गाणं झालं की मला एमपीथ्री नको, मिडी फाइल पाठव. ती इतकी लहान असते की इथल्या नेटवरही लगेच येईल. एमपीथ्रीत तुझी बोटं मला दिसणार नाहीत. मिडीत प्रत्येक नोटेचा जोर आणि वेळ मी उघडून बघेन आणि कुठे दाबायचं, कुठे सोडायचं ते ओळीओळीनं कळवीन. ताईला आणि आजींना नमस्कार.

तुझा,
मामा