कृत्रिम गुहा : उपयोग व मर्यादा

भूगर्भातील नैसर्गिक गुहांत शिरून त्यांचा शोध घेण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत बराच रुजला आहे. मुलांना त्याची ओळख व्हावी म्हणून ब्रिटनमध्ये लाकडी अथवा काँक्रीटच्या अरुंद बोगद्यांची कृत्रिम गुहा काही ठिकाणी रचलेली असते. तिचा खरोखर कितपत उपयोग होतो, याचा विचार आपण करू.

पहिला लाभ सुरक्षिततेचा. शिरस्त्राण घालून सरपटणे, अडचणीच्या जागी धीर न सोडणे, मागच्या सोबत्यासाठी थांबणे, हे येथे शिकता येते. एखादे मूल घाबरलेच, तर त्यास तत्काळ बाहेर काढता येते. दुसरा लाभ खुद्द गुहांचा. चुनखडीच्या गुहेत ठिबकत्या पाण्यातून लवणस्तंभ इतके सावकाश वाढतात की, नवख्याच्या धक्क्याने मोडलेला स्तंभ आपल्या हयातीत पुन्हा घडत नाही.

परंतु खऱ्या गुहेतील गारठा, चिखल आणि विशेषतः पाणी यांची कल्पना तेथे येत नाही. जून २०१८ मध्ये थायलंडमधील थाम लुआंग गुहेत पाणी चढून १२ मुले व त्यांचे प्रशिक्षक अडकले. ते सर्व वाचले. तथापि त्यांच्या सुटकेसाठी झटणारे समन कुनान हे पाणबुडे प्राणास मुकले.

म्हणून आमच्या मते कृत्रिम गुहा ही धुळाक्षरांची पाटी होय. तीवर हात अवश्य वळवावा; मात्र आभाळ पाहून पाऊल टाकण्याचा, प्रसंगी माघारी फिरण्याचा विवेक जाणत्या मार्गदर्शकासह खऱ्या गुहेच्या तोंडाशीच शिकावा.